घोडा डावीकडे चालला आहे: लेजर आर्टचं प्रिंट घेताना

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या घरासाठी एका ताईंना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या लेजर आर्टमधल्या घोड्याचं प्रिंट घ्यायचंय. दीर डेन्व्हरहून येताना घेऊन येणार आहेत. त्यांना दोन पर्याय दिसले. पहिला पर्याय म्हणजे निळ्या घोड्यांची जोडी, एकमेकांकडे तोंड केलेली, मागे स्वच्छ क्रीम रंग, कॅनव्हासवर छापलेली, स्वस्त. दुसऱ्यात एकच घोडा आहे. पान पिवळट पडलेलं, त्यावर निळ्या-लाल रेघा, वर कुणाच्या तरी हिशेबाचे आकडे, कोपऱ्यात डाग, आणि किंमत चौपट. डागाळलेलं महाग का, आणि यातलं खरं कोणतं?

ताई, दुसरं घ्या. का ते नीट सांगते, कारण तुमच्या प्रश्नातच या कलेचं मर्म आहे.

आधी माझ्याविषयी दोन ओळी. मी आर्ट प्रिंटिंग करते. सुरुवातीची पाच वर्षं मुंबईत एका ऑफसेट छापखान्यात प्री-प्रेसला, म्हणजे छपाईआधीच्या तयारीच्या कामाला होते, त्यानंतर आजवर कोलोराडोत. इथे चित्रकार मूळ चित्र घेऊन येतात. मी ते कॅमेऱ्याखाली घेते, रंग जुळवते, कॉटन कागदावर पिगमेंट इंकने, म्हणजे रंगकणांच्या शाईने छापते. या कामात लेजर आर्टची बरीच पानं हाताखालून गेली. बहुतेक आजच्या कलावंतांची, काही जुनी.

लेजर म्हणजे आपली खतावणी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानांवरच्या शायान, कायोवा, लाकोटा, अरापाहो, क्रो अशा लोकांनी हिशेबाच्या वह्यांवर चित्रं काढली, म्हणून या चित्रांना लेजर आर्ट म्हणतात. त्याआधी हेच लोक अमेरिकी गव्याच्या (बायसनच्या) कातड्यावर, तंबूवर, अंगावर घ्यायच्या कातडी शालीवर आपले पराक्रम रंगवत. गव्यांचे कळप शिकाऱ्यांनी बेसुमार मारून संपवले, लोकांना राखीव वस्त्यांमध्ये कोंडलं, आणि कातडं मिळेनासं झालं. त्याच काळात सैनिक, व्यापारी, सरकारी एजंट यांच्याकडून कीर्द-खतावण्या हाती येऊ लागल्या. काही अदलाबदलीत, काही भेट म्हणून, काही लढाईत लुटून. सोबत पेन्सिली, रंगीत पेन्सिली, क्रेयॉन, शाई आली. ज्या वहीत कुणी पीठ-साखरेचा हिशेब लिहिला होता, त्याच पानावर कुणा योद्ध्याने आपला घोडा काढला.

म्हणून त्या पानाला मी पार्श्वभूमी म्हणत नाही. ज्या लोकांचं जगणं रेघांच्या चौकटीत बसवलं जात होतं, त्यांनी त्याच रेघांवरून घोडा दौडवलाय. रेघा पुसल्या तर एक देखणा घोडा उरतो, पण तो कुणाच्या वहीतून निघाला हे कळायची सोय राहत नाही.

आता तुमची समोरासमोरची जोडी. लढाईच्या जुन्या चित्रांमध्ये हालचाल बहुतेक वेळा उजवीकडून डावीकडे जाते. नायक उजवीकडून येतो, शत्रू डावीकडे असतो. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे हे चटकन लक्षात येत नाही. पण एकदा कळलं की ही चित्रं वाचता येऊ लागतात. कोण चाल करून आलं, कोण मागे हटलं, कुणाचा हात कुणाला लागला, हे सगळं दिशेवरून समजतं. जोडी करायची म्हणून कुणीतरी एकच घोडा घेतला आणि आरशासारखा उलटा केला. तसं करायचं तर आधी पान स्वच्छ करावं लागतं, कारण हिशेबाचे आकडे उलटे झाले तर चोरी लगेच पकडली जाते. मागचा सुंदर क्रीम रंग तिथून आला असावा असा माझा दाट संशय आहे. खात्री करायची असेल तर दोन्ही प्रतिमा मोठ्या करून शेजारी ठेवा आणि एक उलटी करा. आयाळीचे फटकारे, रंगाबाहेर गेलेली पेन्सिल, खुरांचे आकार तंतोतंत जुळले तर तो एकच घोडा आहे. हाताने काढलेले दोन घोडे कधीच इतके जुळत नाहीत.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी, नाहीतर माझ्या बोलण्यावरून तुम्ही प्रत्येक कोऱ्या पानावर संशय घ्याल. सगळं लेजर आर्ट खतावणीवर नाही. अमेरिकी सैन्याबरोबरच्या 1874-75च्या रेड रिव्हर युद्धानंतर दक्षिणेकडच्या मैदानांवरच्या बहात्तर जणांना, त्यात मुख्यतः शायान आणि कायोवा, पण अरापाहो, कोमांची आणि कॅडोही, साखळ्या घालून फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिनच्या किल्ल्यात नेलं. तेव्हा त्या किल्ल्याला फोर्ट मॅरियन म्हणत. 1875 ते 1878 ते तिथे कैदेत होते. त्यांच्यावरचा अधिकारी रिचर्ड प्रॅट. त्याने त्यांना चित्रकलेच्या वह्या, पेन्सिली, रंग पुरवले, आणि किल्ला बघायला येणारे प्रवासी ती चित्रं विकत घेत. हाऊलिंग वुल्फ, बेअर्स हार्ट, मेकिंग मेडिसिन, झोटॉम, वोहॉ ही त्यातली नावं. ही चित्रं बरीचशी कोऱ्या, बिनरेघी कागदावर आहेत, आणि त्यांत दिशेचा जुना नियमही सैल झालेला दिसतो. लढाईसोबत शिकारी, मिरवणुका, आगगाडी, किल्ल्यातलं शिक्षण असे विषय येतात. याच प्रॅटने पुढे 1879मध्ये कार्लाइलची निवासी शाळा काढली. तिथे मूळ रहिवाशांच्या मुलांचे केस कापले जात, त्यांची भाषा बंद केली जात. चित्र घेताना हेही माहीत असावं असं मला वाटतं.

म्हणजे कोरं पान दिसलं की खोटं, असं नाही. विक्रेत्याला एवढंच विचारा: मूळ पान कोरं होतं की तुम्ही कोरं केलंत? मूळ कुठल्या संग्रहात आहे? ज्याला माहीत असतं तो एका ओळीत उत्तर देतो.

घोड्याकडे येऊ. भिंतीवर रोज डोळ्यांसमोर तोच असणार.

या चित्रांतला घोडा छायाचित्रातल्यासारखा नसतो. डोकं लहान, मान कमानीसारखी, धड लांबलचक, पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे फेकलेले. आपण ज्याला चौखूर उधळलेला म्हणतो, अगदी तसा. शेपटी बघा. ती वर गुंडाळून बांधलेली असेल, कधी लाल कापडाने, तर स्वार लढाईला निघालाय. शेपटी मोकळी सोडलेली असेल तर प्रसंग वेगळा असू शकतो. कान बघा. कानाला चीर दिलेली असेल तर तो शर्यतीचा किंवा शिकारीचा निवडक घोडा, मालकाच्या अभिमानाची गोष्ट. डोळ्याभोवती वर्तुळ, पायांवर विजेची नागमोडी रेघ, अंगावर गारांचे ठिपके किंवा हाताचा पंजा, हे लढाईआधी घोड्याला रंगवलेलं असतं. त्यात स्वाराला झालेला दृष्टांत आणि त्याचं रक्षण असतं, त्यामुळे दुसऱ्या कुणी ते उचलून वापरायचं नसतं. जमिनीवर इंग्रजी सी अक्षरासारख्या छोट्या खुणा दिसल्या तर त्या टापा आहेत. त्यांच्या ओळीवरून घोडा कुठून आला ते कळतं. हवेतल्या बारीक आडव्या रेघा म्हणजे गोळ्या. स्वाराच्या डोक्यावर एखादं लहानसं चित्र तरंगत असेल आणि रेघेने डोक्याला जोडलेलं असेल, तर ते त्याचं नाव आहे. ते कापून टाकलेलं प्रिंट मी कुणालाही घेऊ देणार नाही. नाव कापलं की माणूसच कापला.

घोडे निळे, हिरवट, जांभळेही दिसतात. काही वेळा तो निळसर करड्या घोड्याचा रंग असतो, काही वेळा हाताशी होत्या तेवढ्याच पेन्सिली होत्या. आपल्याकडे अबलख, पंचकल्याणी अशी घोड्यांच्या रंगाखुणांची वेगळी नावं आहेत. त्याच बारकाईने या चित्रकारांनी पायावरचे पांढरे पट्टे आणि कपाळावरचा टिळा काढलाय. घोडा ओळखू यावा, तो कुणाचा हे सांगता यावं, यासाठी. लाकोटा भाषेत घोड्याला शुंकावाकां म्हणतात. शुंका म्हणजे कुत्रा, वाकां म्हणजे पवित्र, गूढ. घोडा येण्याआधी त्यांचं सामान कुत्रे ओढत होते, म्हणून हे नाव.

मेलेले घोडेही यात आहेत, आणि तेही बघायला हवेत. लाकोटा-शायान आणि अमेरिकी घोडदळ यांच्यातली लिटल बिगहॉर्नची लढाई 1876ची. त्यात लढलेल्या रेड हॉर्स या लाकोटांच्या मिनिकोंजू शाखेतल्या योद्ध्याने 1881मध्ये एका लष्करी डॉक्टरसाठी त्या लढाईची बेचाळीस चित्रं काढली. मोठ्या मनिला कागदावर काढलेली ती चित्रं आज स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेच्या संग्रहात आहेत. त्यातल्या एकात माणूस नाही. सगळ्या कागदभर घोडदळाचे मेलेले घोडे पसरलेत आणि त्यांच्या जखमांतून लाल रंग वाहतोय. सजावटीच्या दुकानात हे चित्र मिळणार नाही. मी मात्र नव्या माणसाला लेजर आर्ट दाखवताना आधी तेच दाखवते.

डागांबद्दल विचारलंत. माझ्या कामाच्या सुरुवातीला मी एका जुन्या पानाचा स्कॅन साफ केला होता. शाईचा एक ठिपका, कडेचा पाण्याचा ओघळ, मागच्या पानावरून उमटलेली पुसट रेघ, सगळं अडीच तास बसून काढलं आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला. ज्यांच्यासाठी करत होते ते लाकोटा चित्रकार प्रूफ बघून बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मूळ पान प्रूफशेजारी ठेवलं आणि मला फक्त तो ओघळ दाखवला. मी फाइल पुन्हा पहिल्यापासून केली. त्या दिवसापासून धूळ स्कॅनरच्या काचेवरची असेल तरच पुसते, कागदावरची नाही.

याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत आहे. 1878मध्ये उत्तरेकडचे शायान आताच्या ओक्लाहोमातल्या सक्तीच्या वस्तीतून निघून आपल्या मुलखाकडे परत जाऊ लागले. त्यातल्या एका गटाला पकडून नेब्रास्कातल्या फोर्ट रॉबिन्सनमध्ये कोंडलं. जानेवारी 1879मध्ये ते तिथूनही निसटले, आणि तोवर हाती न लागलेल्यांपैकी बहुतेक जण त्या महिन्यातच शेवटच्या चकमकीत मारले गेले. लिटल फिंगर नेल या तरुण योद्ध्याच्या पाठीला त्याची चित्रांची वही बांधलेली होती. गोळ्या वहीतून आरपार गेल्या. ती भोकं आजही त्या पानांत आहेत. उद्या कुणी त्या घोड्यांचं प्रिंट भोक बुजवून विकायला लागलं, तर ते काय विकतील, तुम्हीच विचार करा. इथे कोलोराडोतही अशी एक वही आहे. जुलै 1869मध्ये समिट स्प्रिंग्जच्या लढाईनंतर डॉग सोल्जर या शायान योद्ध्यांच्या गटाच्या छावणीत ती सैन्याच्या हाती लागली आणि आता डेन्व्हरमध्ये हिस्टरी कोलोराडो या संग्रहालयाकडे जपलेली आहे.

हे वाचून कुणी म्हणेल, मग प्रिंट घ्यावंच कशाला? घ्यावं. चांगल्या प्रतीची किंमत काय असते हे मला एका वहीने शिकवलं. एमस बॅड हार्ट बुल या लाकोटांच्या ओग्लाला शाखेतल्या चित्रकाराने एका खतावणीत चारशेहून अधिक चित्रं काढली, त्याच्या लोकांचा जवळजवळ सगळा इतिहास. 1913मध्ये तो गेला आणि वही बहिणीकडे राहिली. हेलन ब्लिश या विद्यार्थिनीने अभ्यासासाठी ती बहिणीकडून मिळवली, आणि त्या काळात वहीची छायाचित्रं काढली गेली. 1947मध्ये बहीण गेली. वही तिच्यासोबत पुरली गेली, तसा तिचा हक्कच होता. ती मूळ पानं आता मातीत आहेत. आपल्याला दिसतं ते त्या छायाचित्रांवरून 1967मध्ये छापलेल्या पुस्तकामुळे. छापणाऱ्याने किती इमान राखायचं, हे मला ती वही आठवली की कळतं.

आता घेताना काय तपासायचं. तुम्हाला दोन तऱ्हेची प्रिंट्स दिसतील: जुन्या पानांच्या प्रती आणि आजच्या कलावंतांची प्रिंट्स.

जुन्या पानांवर आता कॉपीराइट नाही, आणि अनेक संग्रहालयं त्यांच्या फाइली खुल्या ठेवतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो केंद्राने कितीतरी वह्या पानागणिक स्कॅन करून ठेवल्यात. त्यामुळे कुणीही ती छापून विकू शकतं. पण त्या पैशातला छदामही त्या समाजाकडे जाईलच असं नाही. अशी प्रत घेतलीत तर खाली चित्रकाराचं नाव, त्याचा समाज आणि मूळ वही कुठे आहे, एवढं छापलेलं असावं. नाव माहीत नसेल तर तसं लिहिलेलं असावं. "नेटिव्ह स्टाइल हॉर्स" एवढंच लिहिलं असेल तर मी तरी घेणार नाही.

माझं मन विचाराल तर आजच्या कलावंतांचं घ्या. ही कला संग्रहालयात संपलेली नाही. डोनाल्ड मॉन्टिलो आणि ड्वेन विलकॉक्स हे ओग्लाला लाकोटा, टेरन्स गार्डिपी आणि जॉन आयझाया पेपियन हे ब्लॅकफीट, शॅरन आटोन हार्जो या कायोवा. असे कितीतरी जण जुन्या खतावण्या, नकाशे, पावत्या शोधून त्यांवर काम करतात. पूर्वी या प्रकारची चित्रं पुरुष काढत, आता बायकाही काढतात आणि त्यांच्या पानांवर घोड्यावर बायका दिसतात. ऑगस्टमध्ये न्यू मेक्सिको राज्यातल्या सँटा फेच्या चौकात इंडियन मार्केट भरतं. तिथे हे कलावंत स्वतः टेबलामागे बसलेले भेटतात. दिरांना तेव्हा जमलं तर उत्तमच. नाहीतर कलावंताच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून मागवा.

अमेरिकेत 1990चा एक कायदा आहे, इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स अॅक्ट. मूळ रहिवाशांपैकी नसलेल्या कुणी बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं हा त्याने गुन्हा ठरतो. पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून चतुर विक्रेते "इन्स्पायर्ड" असा शब्द घालून मोकळे होतात. कलावंत कुठल्या समाजाचा आहे हे नावानिशी लिहिलेलं आहे का, तेवढं बघा.

मग छपाई. जिक्ले हा शब्द ऐकून दबून जाऊ नका. तो 1991च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका छपाईकाराने इंकजेटसाठी काढला. शब्दावरून दर्जा कळत नाही. विचारायचं ते असं: शाई पिगमेंट आहे का, कागद शंभर टक्के कॉटन आहे का, आणि त्यात चमक आणणारी रसायनं नाहीत ना. ही रसायनं असलेला कागद निळसर पांढरा दिसतो, त्यावर जुन्या पानाचा उबदार पिवळेपणा मारला जातो, आणि वर्षांनी रसायनं मंदावली की सगळा रंग सरकतो. घरी यूव्ही टॉर्च असेल तर अंधारात मारून बघा. अशा रसायनांचा कागद निळा पेटल्यासारखा दिसतो. "अस्सल जुन्या लेजर कागदावर छापलेलं" असा दावा असलेला कागद असा पेटला, तर तो जुना नाही. ही रसायनं कागदात विसाव्या शतकाच्या मध्याला आली.

दहापट भिंग लावून घोड्याच्या मानेकडे बघा. लहान लहान फुलांसारखी रंगीत ठिपक्यांची नक्षी दिसली तर ते ऑफसेट पोस्टर आहे. धुळीसारखे विखुरलेले बारीक ठिपके म्हणजे इंकजेट. मूळ रंगीत पेन्सिलीचं काम असेल तर रंग कागदाच्या उंचवट्यांवर बसलेला आणि खळग्यांत कागद उघडा दिसतो. तिरप्या उजेडात शिशाची पेन्सिल चमकते, प्रिंटमधली चमकत नाही. कुणी प्रिंट मूळ म्हणून विकत असेल तर इथे कळतं.

आकाराचा मोह टाळा. खतावणीचं पान टेबलावर मावणारं, हातात धरून बघायचं. ते चार फूट केलं की पेन्सिलीची रेघ दोरखंडासारखी दिसते आणि घोड्याचा चपळपणा जातो. हिशेबही सोपा आहे: तीन हजार पिक्सेल रुंदीची फाइल इंचाला तीनशे पिक्सेल या घनतेने दहा इंचच नीट छापता येते. चोवीस इंच केलीत तर घनता सव्वाशेवर येते. मूळ आकार, फार तर दीडपट. पानाच्या चारही कडा दिसाव्यात आणि त्यांच्याबाहेर कोरा कागद असावा.

पुण्याला आणताना गुंडाळी किमान चार इंच व्यासाच्या नळीत, आत ऍसिड-फ्री कागद. पोचल्यावर लगेच फ्रेमवाल्याकडे नेऊ नका, दोन दिवस स्वच्छ कागदांमध्ये सपाट, वर हलकं वजन ठेवून पडू दे. फ्रेमवाला हमखास म्हणेल, बोर्डावर चिकटवून देतो, लाटा येणार नाहीत. नको म्हणा. वरच्या कडेला दोन कागदी बिजागऱ्या पुरतात, आणि कॉटनचा माउंट, म्हणजे प्रिंटभोवती जाड कागदाची चौकट, लावला की काच प्रिंटला टेकत नाही. टेकली तर आपल्या पावसाळ्यात बुरशी धरणार. पावसाचा मार खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांत दोन छोटे बूच चिकटवा, म्हणजे हवा खेळते. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने कलावंताचं नाव, समाज आणि कुठून घेतलं ते लिहून ठेवा.

आणि जागा ठरवताना डाव्या बाजूला भिंत मोकळी सोडा. कपाट किंवा टीव्ही तिकडे नको, घोडा तिकडे चाललाय.